संचालक मंडळाचं माप

कल्याणप्पांच्या माडीवरची लोखंडी पेटी बैलगाडीतून दुकानाच्या दारात उतरली, तेव्हा कमल काजाची सुई केसांत खोचून उभीच होती. पेटीत नऊ सफारी सूट होते. ज्येष्ठात घड्या घालून कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेले, वर कल्याणप्पांचं कुलूप. तेलघाणी सोसायटीच्या नऊ संचालकांनी एकाच दिवशी एकाच कापडात दिसायचं आणि तोवर ते कुणी अंगाला लावायचं नाही, असा ठराव मंडळानं हात वर करून मंजूर केला होता. कारण मल्लिनाथ. सोसायटीच्या नोंदणीसाठी म्हणून शिवलेला शर्ट या संचालकानं आदल्याच दिवशी तेरच्या बाजारात मिरवला होता आणि त्यावर डाळीचा एवढा डाग घेऊन आला होता.

तेलघाणीचं भूमिपूजन खरं तर ज्येष्ठातच व्हायचं. मंत्र्यांना सवड नव्हती. त्यांना सवड झाली तोवर दोन वर्षं वाट बघायला लावलेला पाऊस आला, आणि ज्या पावसासाठी गावानं सगळ्या देवांना वेठीला धरलं होतं त्याच पावसानं मांडव झोपवला म्हणून कल्याणप्पा त्याला चार शब्द बोलले. मग पोळा, मग दसरा. आता दिवाळी आठवड्यावर आली होती, दुकानासमोरच्या माळावर नवा मांडव उभा होता, आणि मोटारसायकलवरचा एक कार्यकर्ता येडशीच्या फाट्यापर्यंत जाऊन गाडी दिसते का ते बघून येत होता.

कमलच्या थोरल्या भावानं, बब्रुवाननं, काल जेवताना सांगून टाकलं होतं. सफारी शोभले तर उस्मानाबादला दुकान टाकायचं. मंत्र्यांच्या मागं हिंडणारी माणसं बघतील, जिल्ह्यात नाव होईल. फसले तर तो भिवंडीला जाईल, मशीन विकायची, धाकट्या सिदूनं आत्याकडे राहून मॅट्रिक पुरी करायची. कमलचं काय, हे तो बोलला नाही. बोलायची गरज नव्हती. तिचा नवरा नळदुर्गला ट्रकवर क्लीनर होता, आणि घरी असला तरी मनानं हैदराबादच्या रस्त्यावर असायचा. बापाच्या दुखण्यात ती माहेरी आली. बाप श्रावणात गेला. ती दुकानात काजं करत राहून गेली. दुकान चालू होतं तोवर, परत कधी जाणार असं तिला कुणी विचारत नव्हतं.

"आक्का, खिडकीला चादर लावू का?" सिदूनं विचारलं. धर्मांतराच्या आधी झालेली म्हणून थोरली दोघं बब्रुवान आणि कमल. नंतर झाला म्हणून हा सिद्धार्थ. पण गावाच्या जिभेनं त्याला सिदू करून पुन्हा जुन्याच रांगेत बसवलं होतं.

"लाव. आन् मायला बाहेर घेऊन ये. आप्पांची माणसं आत कपडे बदलत्यात."

सिदूच्या अंगावर सफारी होता. बब्रुवानच्याही होता. तोच बिस्किटी टेरिकॉट, त्याच ताग्यातला. कमल त्याकडं बघायचं टाळत होती.

*

हा धंदा आधी दोनदा बुडालेला होता.

पहिल्यांदा बेलबॉटम. बब्रुवान सोलापूरला एका टेलरकडे राहून आला तो 'फॅशन' हा शब्द घेऊनच. ऐन दुष्काळात, खडी फोडायच्या कामावर जाणाऱ्या पोरांना त्यानं घेराच्या पँटी शिवल्या. घेरात खडी साठायची. पोरं सरकारी खडी घरी नेतात असा मुकादमाला संशय आला; त्यानं सगळ्यांना संध्याकाळी रांगेत उभं करून पँटी झाडायला लावल्या, आणि खडी खरंच निघाली. दुसऱ्या दिवसापासून पोरं धोतरात.

दुसऱ्यांदा मॅक्सी. ती आधी एकट्या हेडमास्तरीणबाईंनी शिवून घेतली आणि त्या तीच घालून पाण्याच्या टँकरवर गेल्या. हा दवाखान्यातला झगा, बाई आजारी असतील असं समजून बायांनी त्यांना रांगेत पुढं सोडलं. लगेच मॅक्सीला मागणी आली. दोन्ही भाऊ आणि कमल दिवसभर मॅक्स्या शिवत होते. मग एके सकाळी सगळ्याच बाया मॅक्सीत आल्या, रांग होती तशी झाली, आणि मागणी आटली.

दोन्ही वेळा बाप हसला होता. गोरोबा मोठ्यानं हसत नसे. मशीनचं चाक हातानं थांबवायचा, खांदे हलायचे, मग चाक पुन्हा सुरू.

गोरोबाचं माप ही गावात वेगळीच चीज होती. तो टेप वापरत नसे. जुन्या काळात वापरू देत नव्हते. वरच्या आळीचा माणूस ओट्यावर उभा राहायचा, हा खाली अंगणात. कापड वरून टाकायचे. हा लांबून बघायचा, हात मागे बांधून, मान एकदा डावीकडे एकदा उजवीकडे; झालं माप. नजरेचं माप चुकायचं, म्हणून तो सगळं सैल शिवायचा. आणि उरलेला कपडा ठेवून घेतला तर चोरीचा आळ यायचा, म्हणून तोही सगळा आतच शिवून टाकायचा. शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कपड्याला शिंपी माया म्हणतात. दुसरे टेलर ती बोटभर सोडत, गोरोबा वीतभर सोडायचा. गावातला प्रत्येक सदरा आतून दुप्पट होता. त्या सदऱ्यांत गाव असं वावरायचं की वाऱ्याच्या दिवशी माणूस कुठं संपतो आणि कापड कुठं सुरू होतं ते कळत नसे. बाहेरगावचे लोक या गावच्या माणसाला चेहरा न बघता ओळखत.

चैत्रात कल्याणप्पांनी ऑर्डर दिली तेव्हा बब्रुवाननं पहिली गोष्ट सांगितली ती ही, की माप टेपनं घेणार, दुकानात, अंगाला लावून. कल्याणप्पा चेअरमन होते, त्यांना सोलापूरची हवा लागलेली होती. ते म्हणाले, घे की. त्यांच्या मागून बाकीचेही आले. त्या दुष्काळात रेशनवर मिळणारी अमेरिकेची ज्वारी, तो लाल मिलो खाऊन सगळ्यांचीच पोटं पाठीला लागली होती; त्यात अर्ध्यांना तो पचत नव्हता. बब्रुवाननं एकेकाच्या कमरेभोवती टेप धरला, आकडे खडूनं भिंतीवर लिहिले, आणि त्या दिवसांत तो दुकानात इतका ताठ चालायचा की डोकं पत्र्याला लागेल असं कमलला वाटायचं.

नऊ संचालकांतले एकटे तात्याराव आले नाहीत. रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली उभे राहून ते म्हणाले, "गोरोबाला म्हणावं, तितनंच बघून घे."

गोरोबा आजारी होता. खाटेवरून उठून दारात आला, हात मागे बांधले, मान डावीकडे, उजवीकडे. तो सफारी त्यानंच शिवला. बाकीचे आठ कापले बब्रुवाननं, आणि कापताना बाप म्हणाला होता, "दोन बोटं सोड आत."

"बा, फॅशन म्हंजे फिटिंग. आत कपडा दडवायचे दिवस गेले."

"दिवस गेले असतील. माणसं हाईत न्हवं."

बब्रुवाननं सोडला नाही. त्या काटकसरीतून इतका कपडा वाचला की त्यानं स्वतःला आणि सिदूला एकेक सफारी काढला. उरलं तर तुझं, असं कल्याणप्पाच म्हणाले होते; त्यांच्या डोक्यात फार तर पिशवी असावी. पापडासारखे पातळ, घट्ट, बिनमायेचे ते सफारी ज्येष्ठात आठही जणांना घालून बघितले. कातडीसारखे बसले. कल्याणप्पा आरशासमोरून हलेनात. गोरोबानंही पाहिलं आणि चांगलं झालंय असं म्हणाला, मनापासून म्हणाला. मग पेटीला कुलूप लागलं.

*

कमल आणि सारजाबाई दुकानाच्या कुडाला टेकून बाहेर बसल्या. आत आठ संचालक कपडे बदलत होते. तात्याराव त्यांचा सफारी घेऊन बैलगाडीच्या आडोशाला गेले होते.

आतून आधी हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. मग बोलणं थांबलं. मग श्वास आत ओढल्याचे आवाज यायला लागले, एकापाठोपाठ एक, भात्यासारखे. कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, मागून दाब. कुणीतरी म्हणालं, दाबलाय की.

सारजाबाईंनी लेकीकडं पाहिलं. "काय करायलेत गं?"

"घालायलेत."

"कपडेच न्हवं?"

मग एक बटण कुडाच्या फटीतून बाहेर आलं आणि सारजाबाईंच्या पदरात पडलं.

कमलला तेव्हा कळलं. एकदम सगळं कळलं. पाऊस झाला होता. मूग आला, उडीद आला, गायी-म्हशी दुधावर आल्या. आणि श्रावणापासून हे आठजण सोसायटीचे शेअर गोळा करत गावोगाव हिंडत होते. शेअर विकायचा म्हणजे जेवायला बसावं लागतं. प्रत्येक गावात कोंबडं, आणि जिथं शाकाहारी कल्याणप्पा सोबत असत तिथं पुरण आणि वाटीनं तूप. बब्रुवाननं दुष्काळाचं माप घेऊन सुगीला कपडे घातले होते.

दार उघडलं. कल्याणप्पा बाहेर आले, दोन्ही हातांनी पँट धरून, तीही अर्धीच वर आलेली. वरचा कोट बंद होता, पण मान लाल झाली होती आणि ते बोलताना फक्त ओठ हलवत होते.

"बब्रुवान. हे काय हाय?"

बब्रुवान टेप घेऊन धावला. भिंतीवरचे आकडे बघायचा, पोट बघायचा, परत आकडे बघायचा, जणू आकड्यांनीच त्याला फसवलं होतं. म्हणाला, "आप्पा, माप बराबर हाय. तुमी बदललाव."

हे बोलायला नको होतं. मागून मल्लिनाथ आला, त्याची पँट मागच्या बाजूनं पार उसवलेली, आणि तो भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखा सरकत होता. त्याच्या मागून आणखी दोघं. मोटारसायकल आली. गाडी येडशीला चहाला थांबली आहे, अशी बातमी कार्यकर्त्यानं दिली आणि मंडळाचा अवतार बघून इंजिन बंद करायचं विसरला.

कल्याणप्पांची नजर मग बब्रुवानवर स्थिरावली. पोटावर, कमरेवर, इस्त्रीच्या घडीवर. मग सिदूवर.

"हा कपडा कुणाचा?"

सिदूनं बब्रुवानकडं पाहिलं.

"मंडळाच्या ताग्यातला न्हाय हा? आमच्या अंगाला पुरंना, आन् तुमच्या अंगावर दोन-दोन सफारी?"

"उरलं तर तुझं, असं तुमीच म्हनलाव, आप्पा."

"उरलं तर. उरवलं तर म्हनलो न्हाय. काढा ते."

सिदूनं पहिल्या बटणाला हात घातला. बब्रुवाननं घातला नाही. कमलला दिसलं की ओट्यावरून टाकलेल्या कापडापासूनचा सगळा हिशोब त्याच्या जिभेवर आला आहे. ते बाहेर पडलं असतं तर दुकान काय, गावात राहणंही अवघड झालं असतं. सारजाबाई उठून उभ्या राहिल्या. आयुष्यभर नवऱ्यानं जो आळ टाळायला चिंधीन् चिंधी परत शिवली, तोच आळ दारात उभा होता, आणि तोही अर्ध्या पँटीत.

तेवढ्यात बैलगाडीमागून तात्याराव निघाले.

चार पावलं ठीक आले. कोटाच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या, खांदे कोपरांपर्यंत उतरले होते. पाचव्या पावलाला त्यांची पँट खाली गेली. ते थांबले. खाली वाकून, कसलीही घाई न करता त्यांनी ती उचलली, पुन्हा कमरेला धरली, आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात विचारलं, "गाडी आली का?"

तात्याराव बाहेर कुणाकडं खात नसत. शेअर गोळा करायलाही ते घरचा डबा आणि घरच्या पाण्याचा तांब्या घेऊन जायचे, लोकांच्या ओसरीच्या टोकाला बसून स्वतःची भाकरी खायचे. मंडळात तेवढे एकटे चैत्रातलेच राहिले होते. आणि गोरोबानं लिंबाखाली उभ्या माणसाला पाहून त्याला ओळखीचा जुना, चांगल्या दिवसांतला तात्याराव शिवला होता.

कमल रस्ता ओलांडून गेली. डोक्यावरचा पदर नीट केला, तात्यारावांपासून हातभर लांब थांबली आणि म्हणाली, "तात्या, कोट काढून गाडीवर ठिवता का जरा?"

"का?"

"बघायचाय आतनं."

त्यांनी ठेवला. तिनं तो उलटा केला. बाजूच्या शिवणीत वीतभर. पाठीत वीतभर. खालची पट्टी दुमडून दुमडून तिपेडी. खिसे आतून त्याच कापडाचे, आणि इतके खोल की हात घातला तर कोपर आत जाईल. बारीक, सारखा टाका, शेवटी शेवटी थोडा वाकडा. तेव्हा बापाचं दुखणं वाढलं होतं. कमलनं अंगठा त्या वाकड्या टाक्यावरून फिरवला आणि लगेच काढून घेतला. रडायला सवड नव्हती.

ती वळून म्हणाली, "दादा, सिदू, बटणं लावा. तुमच्या अंगावरचं काही काढू नका. आप्पा, मंडळाचा कपडा कुठं गेला न्हाय. सगळा हितं हाय. मागं एक-एक पट्टी घालते सगळ्यांना, पँटीला आन् कोटाला. पुरंल."

"तो माझा सफारी हाय," तात्याराव म्हणाले.

"तुमचाच हाय. म्हनून तर बा नं सगळं तुमच्यात शिवलं. पर आतलं काढलं की तुमाला बसता बी करावा लागंल. त्याला माप पाहिजे."

"अंदाजानं कर. तुझा बाप करायचा."

"बा नं अंदाजानंच केला हुता, तात्या. आत्ताच खाली पडला."

मोटारसायकलवरचा कार्यकर्ता हसला, आणि कल्याणप्पांनी त्याला येडशीला परत पाठवलं.

त्यानंतर जे झालं त्याला सोसायटीच्या इतिहासात मंडळाची पहिली खरी बैठक म्हणायला हरकत नाही. रस्त्यावर, लिंबाखाली, सगळे संचालक हातांनी पँटी धरून गोल उभे होते आणि तात्यारावांचं माप कुणी घ्यायचं यावर चर्चा चालली होती. कुणी म्हणालं, टेप काठीला बांधा. बांधून बघितला, काठी तात्यारावांच्या काखेत अडकली. मग मल्लिनाथनं माप घ्यावं आणि बब्रुवाननं लांबून सांगावं, असं ठरलं. मल्लिनाथला टेप धरायला दोन हात लागत होते, आणि एक हात त्याला मागून मोकळा करता येत नव्हता, म्हणून त्याच्या पाठीशी दुसरा संचालक उभा राहिला. टेपचं कुठलं टोक पहिलं हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं कंबर वाचली ती अशी, की तेवढ्यात पाण्याचा टँकर मावला असता.

"उलटा वाचलायस," बब्रुवान म्हणाला.

"मग तू ये की हिकडं," मल्लिनाथ वैतागून म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यानं जीभ चावली.

सगळ्यांनी तात्यारावांकडं पाहिलं. लांब, येडशीच्या बाजूला धूळ उठली होती. ती गाडीची होती की शेळ्यांची, ते कळत नव्हतं.

कल्याणप्पा कमरेवरची पकड न सोडता तात्यारावांजवळ गेले. "तात्या, आमचं सगळ्यांचं घेतलंय त्यानं माप. कुणाला काय झालं? जाड झालो तेवढं."

तात्यारावांनी धुळीकडं पाहिलं. समोरच्या मांडवाकडं पाहिलं. तिथं नऊ खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी होती. मग त्यांनी दोन्ही हात बाजूला उचलले, पण पूर्ण नाही. पावसाची भुरभुर येते का ते बघायला माणूस उचलतो तेवढेच.

बब्रुवान पुढं गेला. त्यानं टेप कमरेभोवती घातला, मग छातीभोवती. तात्याराव लिंबाच्या शेंड्याकडं बघत होते आणि बब्रुवान रस्त्याकडं. माप घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याहून त्यानं थोडा जास्तच लावला. आकडा मात्र अगदी हळू सांगितला, तात्यारावांना ऐकू यावा एवढाच.

"लई वाळलाव तुमी, तात्या," तो म्हणाला.

"व्हय," तात्याराव म्हणाले.

*

कात्री बापाची होती. तो गेल्यापासून ती बब्रुवानच्या हातात असायची, कमलकडं सुई. आज बब्रुवान मशीनवर बसला, सिदू भाड्याच्या मशीनवर, सारजाबाई बटणं लावायला. कात्री खिळ्यालाच राहिली होती, आणि कमलनं ती कुणाला न विचारता काढली.

तिनं कुणाला टेप लावला नाही. बाईनं पुरुषाला लावायचा नव्हताच, त्यामुळं ती लहानपणापासून बापाशेजारी बसून बघायलाच शिकली होती. संचालक एकेक करून दारासमोरून पाठमोरे चालत गेले. ती बघायची, पट्टी कापायची, आणि बघितलं त्यापेक्षा दोन बोटं जास्त कापायची. बापाची शिवण उसवताना आधी हात अडखळला. मग तो सैल, मोठा, जुन्या दिवसांतला तात्याराव हळूहळू आटत गेला आणि त्याची पट्टी पट्टी होऊन मंडळाच्या पाठीत बसत गेली. ज्या माणसानं कुणाच्या ओसरीवर पाणी घेतलं नाही, तो आता आठजणांच्या बुडाखाली वाटला गेला होता. हे सारजाबाईंच्याच लक्षात आलं. त्या बटणाचा दोरा दातानं तोडता तोडता थांबल्या आणि हसू दाबायला तोंडाला पदर लावून बसल्या.

धूळ शेळ्यांचीच निघाली, येडशीचा चहा लांबला, आणि गाडी आली तेव्हा शेवटचा टाका पडत होता. कल्याणप्पांनी जाता जाता बब्रुवानला बजावलं, की सुईदोरा खिशात ठेव आणि आमच्याजवळच उभा राहा; काही उसवलंच तर बघायला.

कमल मांडवाच्या मागं, बायांत उभी राहिली. तिला मंत्र्यांचं तोंड दिसत नव्हतं, भाषण ऐकू येत नव्हतं. तिला पाठी दिसत होत्या. पट्ट्या आडव्या कपड्यातून काढलेल्या, म्हणून उन्हात त्या थोड्या वेगळ्या चमकत होत्या. मल्लिनाथ वाकला. ती कान देऊन उभी राहिली. काही उसवलं नाही. कल्याणप्पा वाकून मंत्र्यांच्या पाया पडले. काही उसवलं नाही. तात्याराव वाकले, त्यांचा सफारी त्यांना नीट बसला होता, आणि त्यांनी एकदा हळूच, कुणी बघत नाही असं समजून, खाली बघून घेतलं.

भाषणानंतर मंत्री पहिली कुदळ कुणाच्या हातात द्यावी हे बघत रांगेतून पुढं आले. रांगेतल्या सगळ्या बिस्किटी सफारींत एकच बिनसुरकुतीचा, कातडीसारखा बसलेला होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "चेअरमनसाहेब, या," म्हणाले, आणि कुदळ बब्रुवानच्या हातात दिली.

कल्याणप्पांचं तोंड उघडं राहिलं. बब्रुवान त्यांच्याकडं बघू लागला, मग मंत्र्यांकडं. फोटोवाला म्हणाला, मारा साहेब, आणि पाठीमागून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. बब्रुवाननं कुदळ डोक्यावर उचलली, बापानं त्याला शिकवलं होतं तसं पाय फाकवून उभा राहिला, आणि पूर्ण ताकदीनं वाकला.

तो आवाज मांडवाच्या मागंही आला.

कुदळ मात्र जमिनीत गेली होती, चांगली खोल. बब्रुवान वर उठला, ताठ उभा राहिला, आणि कल्याणप्पा, ज्यांनी सकाळी त्याला कपडे उतरवायला सांगितलं होतं, ते पटकन सरकून त्याच्या पाठीला पाठ लावून उभे राहिले. फोटो निघाला तो तसाच.

कमल हसली. श्रावणापासून पहिल्यांदा. मोठ्यानं नाही, मांडवाचा खांब धरून, खांदे हलवत. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं गं. तिला सांगता येईना, आणि थोड्या वेळानं तिचे खांदे नुसतेच हलत राहिले, तेव्हा त्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

*

दुपारी दुकानात मंत्र्यांचा ड्रायव्हर आला. साहेब जेवायला बसले होते. त्याला एक सफारी शिवायचा होता, कपडा तो सोलापूरहून घेऊन पाठवणार होता. "तसाच पाहिजे," तो म्हणाला, "मागं पट्टी असलेला. उस्मानाबादला कुठं मिळंना."

बब्रुवान कमरेला टॉवेल गुंडाळून बसला होता. उठला, टेप घेतला.

"भिवंडीची गाडी कधी हाय, दादा?" कमलनं विचारलं.

"कशाची भिवंडी? तू आकडे लिही."

तिनं भिंतीवर आकडे लिहिले. ड्रायव्हर गेला. कपडा यायला वेळ होता, पण बब्रुवानला दम निघत नव्हता. त्यानं जुन्या धोतराच्या तुकड्यावर नमुना आखायला घेतला. खडूनं मापाची रेघ मारली आणि हात थांबला. त्यानं वर बघितलं नाही. कमलनं त्याच्यासमोर दोन बोटं धरली.

त्यानं रेघेबाहेर दोन बोटं टेकवली. मग खडू ओढता ओढता त्यातलं एक बोट हळूच काढून घेतलं.

कमलनं ते पाहिलं. कात्री तिच्या हातात होती.